लोडवर एकशे दहा

खालचा दिवा विझत चालला होता आणि वरचा लखलखत होता. माझ्या हिशेबाप्रमाणे दोघांनी सारखंच मंद जळायला हवं होतं आणि टेबलावरचं मशीन सुरू व्हायला हवं होतं. मशीन ढिम्म. मी भिंग घेऊन मीटरवर वाकलो, मान तिरकी केली, कारण सरळ बघितलं तर मला काही दिसत नाही, आणि काटा शोधला. पाच मिनिटांपूर्वी एकशे पंधरावर ताठ उभा असलेला काटा पन्नासच्याही खाली येऊन पडला होता.

"नालायक!" मी मोठ्यांदा म्हणालो. कोणाला, ते सांगता यायचं नाही. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि स्वतःला नालायक म्हणायची मला सवय नाही.

मशीन लेकीने पाठवलं होतं. ती परदेशात एका वाचनालयात काम करते. तिथे जुनी वाचनयंत्रं काढून टाकत होते, त्यातलं एक तिने मागून घेतलं आणि खोक्यात कोंबून बापाला धाडलं. जुन्या टीव्हीसारखा पडदा, त्याखाली सरकतं ताट, ताटावर दिवा आणि वरून बघणारी काच. ताटात पुस्तक ठेवायचं, की पडद्यावर एकेक अक्षर मुठीएवढं होतं. माझ्या डोळ्यांचं म्हणाल, तर गेलं दीड वर्ष जिकडे बघावं तिकडे मधोमध कोणीतरी अंगठा टेकवून ठेवल्यासारखं होतं. कडा दिसतात, मधलं नाही. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण उरलं आहे ते पुष्कळ टिकेल, आणि अक्षरं मोठी केली तर वाचता येईल. वाचता येईल! बाकी काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही.

अडचण एकच होती. मशीनच्या पाठीवर एकशे दहा व्होल्ट लिहिलेलं, आणि आमच्या भिंतीतून येतात दोनशे तीस. लेकीने खोक्यात जाड काळ्या पेनाने, हाताएवढ्या अक्षरांत चिठ्ठी घातली होती : "बाबा, तसंच लावू नका. आईला विचारा."

ते "आईला विचारा" मला झोंबलं. बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वीज हा तर माझा हातखंडा विषय. आईला काय विचारा?

आता आईबद्दल सांगायला हवं. आमची ही सातवीपर्यंत शिकलेली. एका लहानशा वर्कशॉपमध्ये तिने एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. तांब्याची तार प्लास्टिकच्या चौकटीवर, ज्याला बॉबिन म्हणतात त्यावर, शेकड्याने वेढे देत गुंडाळायची, मध्ये लोखंड भरायचं, की झाला ट्रान्सफॉर्मर. दोन वर्षांपूर्वी तिथे आपोआप गुंडाळणारी यंत्रं आली आणि ती घरी बसली. मधल्या सुट्टीत कोणी विचारलं, सर, वहिनी काय करतात, तर मी म्हणायचो, तार गुंडाळते. त्यात वाईट हेतू नव्हता. पण चांगलाही नव्हता, हे आज कबूल करतो.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. डोळे गेल्यावर सुरुवातीला ही मला रोज पेपर वाचून दाखवायची. सावकाश वाचायची, अडखळायची. मी एकेका ओळीत तिला तीन-तीनदा अडवायचो. असं नाही, तसं. पुन्हा वाच. आधीच्या वाक्याशी जोडून वाच. पंधरा दिवसांनी तिने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "माझेच डोळे दुखतात हो." त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने वाचलं नाही. म्हणून मला ते मशीन हवं होतं. मला कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं नव्हतं, माझं मला वाचायचं होतं, आणि ते सुरूसुद्धा माझं मीच करणार होतो. ही तीन दिवस बहिणीकडे घर लावायला गेली होती. संधी चांगली होती.

हिशेब सोपा. दोन सारखे रोध एकापुढे एक जोडले, की व्होल्टेज दोघांत निम्मं निम्मं वाटलं जातं. आठवीतलं पोरही सांगेल. शंभर वॅटचे दोन दिवे घेतले, ओळीने जोडले. दोनशे तीसचे निम्मे एकशे पंधरा. पाच जास्त, पण तेवढं चालतं. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी प्रयोगशाळेतलं काट्याचं जुनं मीटर मला भेट दिलं होतं, ते खालच्या दिव्याला लावलं, भिंगातून पाहिलं : एकशे पंधरा. पुस्तकात छापावं असं उत्तर. मग त्याच खालच्या दिव्याच्या दोन टोकांना मशीन जोडलं, आणि पुढे काय झालं ते सांगितलंच.

जरा विचार केल्यावर ध्यानात आलं. मशीन जोडलं की तेही खालच्या दिव्याच्या बरोबरीने वीज ओढायला लागतं, खालचा रोध एकदम कमी होतो आणि वाटणी बिघडते. म्हणजे दिवे किरकोळ पडले. दांडगे रोध घेतले तर मशीनच्या ओढीने फारसा फरक पडणार नाही. माळ्यावर हजार-हजार वॅटचे दोन जुने हीटर होते. ते मी कसे खाली काढले हे विचारू नका. हिला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

हीटर जोडले. मशीनच्या प्लगची तिसरी, अर्थची पिन जोडणीला घेतलेल्या सुट्या बोर्डात बसेना, ती मी सकाळीच कापून टाकली होती. काटा पुन्हा एकशे पंधरा. मशीन लावलं. काटा खाली सरकला, शंभरच्या जरासा अलीकडे थांबला, आणि थांबूनच राहिला. ताटावरचा दिवा पिवळा उजळला. पडद्यावर राखाडी उजेड पसरायला लागला. खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग होती, जळक्या धुळीचा वास नाकात जात होता आणि मी साठी उलटलेला माणूस लहान पोरासारखा ओरडलो, "आलं! आलं!"

"काय आलं?" दारातून आवाज आला. ही एक दिवस आधीच परतली होती.

तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सरळ बोर्डापाशी गेली, बटण बंद केलं, प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"अगं, चालू झालं होतं!"

"दिसलं मला. थोड्या वेळाने पडदेही चालू झाले असते खिडकीचे. त्या हीटरपासून वीतभर लांब नाहीत."

"तू मध्ये पडू नकोस. मी नीट हिशेब करून केलंय. मोजून केलंय."

"काय मोजलंत?"

मी सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पिशवी अजून हातातच होती हे दिसत होतं.

"हा खालचा हीटर," ती म्हणाली, "ह्याची कॉइल आधीच एकदा तुटलेली. मीच पीळ देऊन जोडली होती. आता परत तुटली, तर मशीनला किती जाईल?"

मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खालचा हीटर गेला, की वाटणीतला भागीदारच गेला. "दीडशेच्या पुढे," मी म्हणालो. "कदाचित पावणेदोनशे."

"म्हणजे लेकीने एवढ्या लांबून पाठवलेलं एका फटक्यात गेलं असतं. आणि मशीन खातं किती? नव्वद वॅट. त्याच्यासाठी पाचशे वॅट नुसते खोली भाजायला. बरं, तेही सोडा. त्याच्या पत्र्याला हात लावलात?"

"लावला असेल."

"पायात रबरी चपला होत्या म्हणून बोलताय. पिन कापून टाकलीत. तुमच्या ह्या जोडणीत भिंतीतली तार सरळ मशीनच्या आत जाते. मध्ये हीटर बसवला म्हणून ती भिंतीपासून वेगळी होत नाही. डोळ्यांनी दिसत नसताना उघड्या तारांशी खेळत होतात तुम्ही. मी आले नसते तर?"

तिचा आवाज चिरकला. मला तेव्हा घाबरायला हवं होतं, पण मला राग आला. घाबरलेला मास्तर रागावतोच.

"बत्तीस वर्षं मी हे शिकवलंय," मी म्हणालो.

"शिकवलंत ना. पण पुढे काही जोडून शिकवलंत का कधी?"

फळ्यावर मी दोन रोध काढायचो, मधून एक रेघ बाहेर काढायचो, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. त्या रेघेच्या टोकाला बत्तीस वर्षांत मी कधी काही जोडलं नव्हतं. जोडलं नव्हतं म्हणून दर वेळी उत्तर बरोबर यायचं.

तिने तारा गुंडाळल्या, हीटर माळ्यावर टाकले, मशीनवर जुनी चादर घातली. तिने कपाळाला हात लावला असता, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी घसा खाकरला.

"तसला ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळत असेल ना?"

"मिळतो."

"मग?"

"एकाच तारेला मध्ये फांदी काढलेला असतो तो. छोटा, हलका. व्होल्ट बरोबर देतो. पण तुम्हाला भिंतीपासून सोडवत नाही. पत्र्याला हात लावत बसणार तुम्ही दिवसभर, दिसत नाही म्हणून चाचपडत. दोन वेगळ्या तारांचा पाहिजे. एक भिंतीकडची, एक मशीनकडची. एकीचा दुसरीला स्पर्शसुद्धा नाही."

"हो, मधल्या लोखंडातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यामुळे दुसऱ्या..."

"तेच ते. तुम्ही फळ्यावर काढायचात ते."

मी कप बशीत दोनदा फिरवला.

"मग तू... म्हणजे तुला जमेल का? करून देशील?"

चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या कामातलं काही मी तिच्याकडे पहिल्यांदाच मागत होतो. तिने कप खाली ठेवला.

"दोन वर्षं झाली तारेला हात लावून. बघते." मग म्हणाली, "पण तुम्ही यायचं बरोबर. वर्कशॉपमधल्या हाताने फिरवायच्या मशीनवर वेढे मोजणारा आकडा बिघडलाय. टर्न मोजायला माणूस लागेल."

वर्कशॉपच्या दारापर्यंत मी एकतीस वर्षांत दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा घराची किल्ली विसरलो म्हणून. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या कोपराला धरून आत गेलो तर आधी वास आला, व्हार्निशचा, गोडसर आणि घशात बसणारा, आणि मला ओळखीचं काहीतरी लख्ख आठवलं. एकतीस वर्षं संध्याकाळी हा वास आमच्या घरात यायचा. मला वाटायचं, हिच्या साबणाचा आहे.

"ताई!" कोणीतरी खुर्ची सरकवली. मालक होते. "या, या. सरांना घेऊन आलात? सर, बसा. ही आमच्या ताईंचीच जागा, इथून दार दिसतं."

तेवढ्यात यंत्रावरची मुलगी धावत आली. "मावशी, बरं झालं आलात. कालपासून दहा पीस गुरगुरतायत. व्होल्ट बरोबर आहेत, गरमही होत नाहीत, पण आवाज जात नाही. काय करू?"

हिने एकावर पेचकसाचं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दोन श्वास. "मधल्या पत्र्या ढिल्या आहेत. बोल्ट आवळत बसू नको, पाचर घाल आणि मग व्हार्निशमध्ये बुडव." मुलगी गेली. थोड्या वेळाने तिकडून ओरडली, "गेला, मावशी!" मालक हसले. मी खुर्चीत जरा सावरून बसलो. शाळेत मला कोणी असं धावत येऊन विचारलं होतं का, हे आठवून बघितलं. आठवलं नाही.

ही लोखंडाच्या पत्र्यांचे गठ्ठे उचलून हातावर तोलत होती. त्यातला एक बाजूला काढला. "हा पुरेल. नव्वदला सव्वाशेचा बरा. ह्याला व्होल्टमागे चार टर्न."

इथे मला राहवलं नाही. "दोनशे तीस गुणिले चार, नऊशे वीस," मी वर्गात म्हणावं तसं म्हणालो. "आणि दुसऱ्या बाजूला एकशे दहा गुणिले चार, चारशे चाळीस वेढे."

"नऊशे वीस बरोबर," ती म्हणाली. "दुसरीकडे चारशे साठ."

"गुणोत्तराने चारशे चाळीस येतात."

"गुणोत्तराने येतात हो. पण वीज वाहायला लागली, की थोडे व्होल्ट तारच खाते. चारशे चाळीस दिले तर रिकामा असताना एकशे दहा दाखवेल आणि मशीन लावलं की एकशे पाच. वीस टर्न वर द्यायचे. मग रिकामा एकशे पंधरा दाखवू दे, लोडवर एकशे दहा येतात. मशीन लावायचंच आहे ना आपल्याला?"

"म्हणजे माझ्या दिव्यांसारखं इथेही कमी होतंच," मी जरा आशेने म्हणालो.

"होतं. पण तुमचे पासष्ट गेले, इथे पाच जातात. आणि ते पाच मला आधी माहीत असतात."

मालकांनी खाकरून हसू लपवलं.

तिने बॉबिन मशीनच्या दांडीवर बसवलं, तारेचं टोक अडकवलं आणि हँडल फिरवायला लागली. मी मोजायला लागलो. सुरुवातीला सावकाश. चाळीस, पन्नास. मग लय लागली. उजवा हात फिरत होता, डावा तारेला वाट दाखवत होता, आणि तार एकाशेजारी एक बसताना बारीक सरसर आवाज येत होता. एक थर संपला की कागदाची पट्टी, मग दुसरा थर. मला तार दिसत नव्हती. फक्त तांबूस चमक हळूहळू रुंद होताना दिसत होती, आणि मी मोठ्या दिमाखात आकडे म्हणत होतो. शंभर झाले, दोनशे झाले. मोजणं मला येतं. इथे तरी मी कामाचा होतो.

तीनशेच्या पुढे मालकांनी विचारलं, "सर, चहा?"

"हो, घेईन की," मी म्हणालो. आणि आकडा गेला.

हँडल फिरत होतं. माझ्या कपाळावर घाम आला. तीनशे किती? सगळी तार सोडवून पहिल्यापासून गुंडाळायची? खरं म्हणजे लगेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तेच केलं, जे करणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर बाकावर उभं केलं. ठोकून दिलं.

"तीनशे पंचवीस."

हँडल थांबलं. तिने बॉबिनवरून एकदा नख फिरवलं. "तीनशे चाळीस," ती म्हणाली. "एका थरात बासष्ट बसतात. पाच थर झाले, आणि हे सहाव्यातले तीस. पुढे म्हणा, एक्केचाळीस."

बस. एवढंच. "अहो, लक्ष कुठाय?" नाही, "पुन्हा मोजा" नाही. शेजारी मालक उभे होते, त्यांच्याकडे बघून हसली नाही. चुकलं तिथून उचललं आणि पुढे निघाली. मला तो पेपर आठवला. ती एकदाच अडखळायची आणि मी तिला तीनदा अडवायचो, आणि बाहेर शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. खूप लाज वाटली, आणि ती तशीच गिळून बसणं शक्य झालं नाही.

"अगं, ते पेपरचं," मी म्हणालो. "तू वाचायचीस तेव्हा. माझं चुकलं."

हँडल क्षणभर हळू झालं, थांबलं नाही.

"त्रेचाळीस झाले," ती म्हणाली. "मोजा."

मी मोजलं. नऊशे वीस झाले. मग जाड कागदाचे तीन वेढे, दोन तारांची गाठ कधी पडू नये म्हणून. मग जरा जाड तार, चारशे साठ. या वेळी चहा हातात होता तरी आकडा सुटला नाही. शेवटी तिने बॉबिनमध्ये पत्र्या भरल्या, एक या बाजूने, एक त्या बाजूने, एकमेकींत अडकवत. ते काम यंत्रावरच्या मुलीने येऊन निम्मं उचललं. दोघी बोलत होत्या कशाबद्दल तरी, कोणाच्या तरी बाळाबद्दल, आणि हात आपले चालू.

"आता बघू या," मालक म्हणाले. ही उठली, एक दिवा घेतला आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाटेत ओळीने जोडला.

"हे तर माझंच," मी म्हणालो.

"तुमचंच. नवीन पीस सरळ भिंतीला नाही लावायचा. आत कुठे तार तारेला चिकटली असली तर हा दिवा पेटतो आणि पीस वाचतो. चांगला असेल तर दिवा जेमतेम लाल होतो."

तिने बटण दाबायच्या आधी एक श्वास घेतला. तो मी ऐकला. दोन वर्षांनंतरचा हात होता. त्या क्षणी मला वाचनाची काळजी नव्हती, खोटं सांगत नाही. तो दिवा पेटू नये एवढंच मला हवं होतं, तिच्यासाठी.

बटण दाबलं. दिव्यात केसाएवढी लाल रेघ, बस.

मग दिवा काढून पीस सरळ जोडला. मालक मीटर वाचत होते. "एकशे पंधरा." तिने पुढे तीन दिवे एकत्र लावले, आमच्या मशीनइतकी वीज ओढतील असे.

"एकशे दहा," मालक म्हणाले. "काय ताई, काटाही हलत नाही पुढे-मागे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आकडा बिघडला काय आणि चालू असला काय, ताईंनी कधी त्याच्याकडे बघितलं नाही. थर मोजायच्या."

मी तिच्याकडे वळलो. "मग मला कशाला आणलंस मोजायला?"

ती दिव्यांच्या तारा सोडवत होती.

"तुम्ही कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली.

मालक कशाला तरी म्हणून आत गेले. मी खुर्चीत बसून राहिलो. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला जास्त लागलं. एकतीस वर्षं हे चाललं होतं, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर. मी वर्गात ट्रान्सफॉर्मरची आकृती काढत होतो आणि इथे ही ट्रान्सफॉर्मर करत होती, आणि मला एकदाही वाटलं नाही की एखाद्या वर्गाला इथे घेऊन यावं. पोरांना केवढं कळलं असतं. मलाही कळलं असतं. निघताना मी मालकांना म्हणालो, "तुमच्याकडे नवीन मुली शिकायला येतात ना? हिला बोलवत जा त्यांना शिकवायला." मालक म्हणाले, आम्ही दोन वर्षं म्हणतोय, त्याच म्हणतात, सरांना घरी कोण बघणार. मी म्हणालो, सरांना काय धाड भरलीय? परत येताना रस्त्यात माझा हात तिने धरला होता, मी तिचा नाही.

पीस व्हार्निशमध्ये बुडवून वाळायला एक दिवस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तो घेऊन आली. टेबलाखाली लाकडी फळीवर बसवला, मशीनला नवा तीन पिनांचा प्लग जोडला, पत्र्याला टेस्टर लावून बघितला, मग स्वतःचा हात लावून बघितला, आणि मला म्हणाली, "आता लावा हात." मी लावला. गार पत्रा, बाकी काही नाही.

बटण मला दाबू दिलं. ताटावरचा दिवा लागला, पिवळा नाही, पांढरा स्वच्छ. पडदा उजळला. टेबलाखाली अगदी हळू, कान दिला तरच ऐकू येईल अशी घूं सुरू झाली. खोली गार होती.

मी ताटात पेपर ठेवला. पडद्यावर काळे डोंगर सरकले. मी मान तिरकी केली, अंगठ्याच्या त्या डागाच्या कडेला एक अक्षर आणलं, मग दुसरं. मग शब्द. मग दोन शब्द. कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती. मी ती मोठ्याने वाचली, अडखळत, एकेक शब्द जोडत, आणि पहिली ओळ पुरी झाली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पडदाच दिसेनासा झाला. ही माझ्या मागे उभी होती. तिने मला एकदाही अडवलं नाही.

"पान वाकडं आलंय," थोड्या वेळाने ती म्हणाली आणि सरळ करायला तिने ताटात हात घातला.

पडद्यावर तिची बोटं आली. प्रत्येक बोट हातभर लांबीचं. दीड वर्षात मला तिचं काही एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं. डाव्या हाताच्या तर्जनीवर, पहिल्या पेराच्या आतल्या बाजूला, एक खाच होती. सुरीने कापल्यासारखी नव्हे. गुळगुळीत, चकचकीत, कातडीत खोल बसलेली आडवी खाच, बाकीच्या रेघांना मधेच तोडून गेलेली.

"हे काय?"

"काय?"

"बोटावर. ही खाच."

"ती होय." ती हसली. "तार तिथूनच जायची ना."

"कधीपासून आहे?"

"पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडली असेल. लक्षात नाही."

ती हात काढून घ्यायला लागली. मी म्हणालो, "थांब."

"अहो, पुढची ओळ वाचायची ना?"

"ओळ कुठे पळून जात नाही," मी म्हणालो. "राहू दे तसाच."

तिने हात दिव्याखाली तसाच ठेवला, आणि मी मान तिरकी करून बघत राहिलो.